वाचलेल्या तासांचा हिशेब

अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात डॅलस आणि ह्यूस्टन या दोन मोठ्या शहरांमध्ये साधारण २४० मैलांचे, म्हणजे जवळजवळ ३८५ किलोमीटरचे अंतर आहे. मे २०२५ च्या पहिल्याच दिवशी ऑरोरा या कंपनीने जाहीर केले की, या मार्गावर आपला ट्रक स्टिअरिंगला कोणाचाही हात न लागता, गिऱ्हाइकांचा माल घेऊन, रीतसर भाड्याने धावू लागला आहे. त्याआधी असे प्रयोग बरेच झाले होते. २०१६ मध्ये ऑटो नावाच्या कंपनीने कोलोराडोत बिअरचे ५०,००० कॅन १२० मैल नेले होते, पण ड्रायव्हर मागच्या केबिनमध्ये होता आणि बंदोबस्ताला पोलीसही होते. डिसेंबर २०२१ मध्ये टूसिंपल कंपनीने अ‍ॅरिझोनात सुमारे ८० मैल रिकाम्या केबिनने ट्रक चालवून दाखवला. स्टार्स्की, एम्बार्क, उबरचा ट्रक विभाग, वेमोचा ट्रक विभाग हे सगळे या धंद्यात उतरले आणि बाहेर पडले. टेक्ससमध्ये पहिल्यांदा प्रात्यक्षिक संपून व्यवसाय सुरू झाला, आणि आता तो वाढवायची घाई आहे. वाढवण्यासाठी दोन कारणे पुन्हा पुन्हा सांगितली जातात: ड्रायव्हर मिळत नाहीत, आणि यंत्र माणसापेक्षा सुरक्षित आहे. यातले पहिले जसे सांगतात तसे खरे नाही, दुसरे अजून सिद्ध व्हायचे आहे, आणि खरे कारण तिसरेच आहे. ते तिसरे कारण मुळीच लपवण्यासारखे नाही. पण ते उघडपणे मांडले, की त्यातून होणारा फायदा कोणाचा हा प्रश्न टाळता येत नाही. म्हणूनच ते आधी मांडायला हवे.

हा ट्रक चालतो कसा, ते थोडे समजून घेऊ. छपरावर आणि दोन्ही बाजूंना कॅमेरे, रडार आणि लायडार बसवलेले असतात. लायडार म्हणजे लेझरचा प्रकाश सोडून, तो आपटून परत आला की अंतर मोजणारे यंत्र. आपले लायडार ४५० मीटरच्या पुढचे पाहते, असे ऑरोरा सांगते. ताशी ६५ मैल वेगाने जाणाऱ्या ट्रकला एवढे अंतर कापायला पंधरा सेकंद लागतात. पूर्ण भरलेला अमेरिकन ट्रक ८०,००० पौंडांचा, म्हणजे ३६ टनांचा असतो आणि त्या वेगाने जाताना ब्रेक दाबल्यावर थांबायला त्याला दीडशे मीटरहून जास्त रस्ता लागतो. त्यामुळे लांबचे आधी दिसणे ही इथे मूळ गरज आहे. रस्त्याचा बारीक नकाशा संगणकात आधीच भरलेला असतो, आणि ट्रक महामार्गाच्या एका टोकाच्या तळावरून दुसऱ्या टोकाच्या तळापर्यंतच जातो. शहरातल्या गल्ल्या, गोदामाचा दरवाजा, ट्रेलर मागे घेऊन धक्क्याला लावणे, मालाच्या कागदांवर सह्या घेणे, ही कामे माणसाकडेच राहतात. यंत्राने ड्रायव्हरच्या कामातला एक तुकडा उचलला आहे. हा तुकडा नेमका कोणता, यावर पुढचे बरेच काही ठरणार आहे.

आता ते तिसरे कारण. अमेरिकेत माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला कामावर आल्यापासून चौदा तासांच्या आत जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते आणि त्यानंतर सलग दहा तास विश्रांती घ्यावीच लागते. डॅलस ते ह्यूस्टन हा प्रवास चार तासांचा. एक ड्रायव्हर एका दिवसात जाऊन परत येऊ शकतो. तिथे ड्रायव्हर काढून टाकून फार काही हाती लागत नाही. पण विस्ताराची दिशा बघा: फोर्ट वर्थहून पश्चिमेला एल पासो, सुमारे ६०० मैल, आणि तिथून पुढे अ‍ॅरिझोनातले फिनिक्स, एकूण सुमारे १,००० मैल. ताशी ६५ मैलांनी न थांबता गेले तर हे पंधरा-सोळा तासांचे अंतर आहे. एकट्या ड्रायव्हरला कायद्याने मध्ये दहा तास थांबावे लागते, म्हणजे तोच माल दुसऱ्या दिवशी पोहोचतो. दोन ड्रायव्हर आळीपाळीने बसवले तर वेळ वाचतो, पण पगार दोघांचा द्यावा लागतो. विनाचालक ट्रक झोपत नाही, म्हणून एकच गाडी महिन्यात कितीतरी जास्त फेऱ्या करते. गाडीवर घातलेले भांडवल जास्त तास कमावते, आणि ट्रक चालवण्याच्या एकूण खर्चात सुमारे चाळीस टक्के वाटा असलेला ड्रायव्हरचा पगारही कमी होतो. पहिल्या मार्गाने तंत्र सिद्ध केले. धंद्याचे गणित या दुसऱ्या मार्गावर आहे. नाशवंत माल लवकर पोहोचावा, भाडे कमी व्हावे, यात वाईट काहीच नाही. फक्त या नफ्याला ‘ड्रायव्हरांच्या टंचाईवरचा उपाय’ म्हणू नये.

कारण टंचाईची गोष्ट तपासली की वेगळे चित्र दिसते. मालवाहतूकदारांच्या अमेरिकन संघटनेने २०२१ मध्ये ८०,००० ड्रायव्हर कमी असल्याचा अंदाज दिला होता. त्याआधी २०१९ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याच्या नियतकालिकात अर्थतज्ज्ञांनी टंचाईच्या दाव्याची छाननी केली आणि निष्कर्ष काढला की, पगार वाढला की माणसे येतात. हा बाजार इतर बाजारांसारखाच चालतो. खरी अडचण आहे ती माणसे टिकत नाहीत ही. लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांत वर्षभरात जवळजवळ सगळे ड्रायव्हर बदलले जाण्याइतकी गळती अनेक वर्षे नोंदली गेली आहे. असे का होते? या ड्रायव्हरांना बहुतेक ठिकाणी पैसे मैलावर मिळतात. चाक फिरले तर कमाई; गोदामाबाहेर रांगेत चार तास गेले तर ते तास बहुधा फुकट. १९३८ च्या कायद्यातल्या सवलतीमुळे आंतरराज्य मालवाहतुकीच्या बहुतांश ड्रायव्हरांना ओव्हरटाइमही लागू होत नाही. एमआयटीचे संशोधक डेव्हिड कोरेल यांनी अभ्यासाअंती मांडले की, कायदा अकरा तास देत असला तरी ड्रायव्हर दिवसाला सरासरी साडेसहा तासच गाडी चालवतो. उरलेला वेळ माल भरण्याची आणि खाली करण्याची वाट पाहण्यात जातो. परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालाने या खोळंब्याची ड्रायव्हरांना बसणारी झळ वर्षाला १.१ ते १.३ अब्ज डॉलर एवढी काढली आणि थांबण्याचा वेळ पंधरा मिनिटांनी वाढला तर अपघाताची शक्यता सहा टक्क्यांहून जास्त वाढते, असेही नोंदवले. म्हणजे आज आहेत त्याच ड्रायव्हरांचा वेळ वाया जाऊ दिला नाही, तर टंचाईचा मोठा भाग आपोआप सुटेल. त्यासाठी लायडार लागत नाही. गोदामांना वेळेची शिस्त आणि थांबण्याचे पैसे एवढेच लागते.

सुरक्षेचा दावा अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. अमेरिकेत मोठ्या ट्रकच्या अपघातांत दरवर्षी ५,००० हून जास्त माणसे मरतात आणि त्यांतली दहापैकी सुमारे सात दुसऱ्या वाहनांतली असतात. यंत्राला डुलकी लागत नाही, ते फोन बघत नाही, दारू पीत नाही. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच हे तंत्र मुळात नको असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण ‘सुरक्षित असू शकते’ आणि ‘सुरक्षित आहे’ यांत पुराव्याचे अंतर आहे. रँड या संशोधन संस्थेच्या निधी कालरा आणि सुझन पॅडॉक यांनी २०१६ मध्ये साधा पण डोळे उघडणारा हिशेब मांडला. अमेरिकेत सगळी वाहने धरून दर दहा कोटी मैलांमागे साधारण एक मृत्यू होतो. एखादी यंत्रणा याबाबत माणसाहून वाईट नाही, हे ९५ टक्के खात्रीने सांगायचे तर ती एकही मृत्यू न होता २७ कोटी ५० लाख मैल चालायला हवी. शंभर गाड्या रात्रंदिवस ताशी २५ मैलांनी चालवल्या तरी त्याला साडेबारा वर्षे लागतील. ऑरोराचे ड्रायव्हरविना झालेले मैल ऑक्टोबर २०२५ मध्ये एक लाखावर पोहोचले होते आणि त्यांत तिच्या यंत्रणेच्या चुकीने अपघात झाला नाही, असे कंपनीने सांगितले. सुरुवात चांगली आहे, पण २७ कोटींपुढे एक लाख म्हणजे अजून काहीच नाही. कंपन्या याला उत्तर देतात की, संगणकावरच्या आभासी रस्त्यांवर आम्ही कोट्यवधी प्रसंग तपासले आहेत. ते उपयोगाचे आहेच. मात्र आभासी रस्त्यावर तेच संकट येते जे कोणीतरी आधी कल्पिले आहे.

कोणी न कल्पिलेले संकट कसे येते, याचे एक उदाहरण नोंदलेले आहे. एप्रिल २०२२ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनजवळ महामार्गावर टूसिंपलचा एक ट्रक सरळ जाता जाता एकदम डावीकडे वळला आणि काँक्रीटच्या कठड्यावर आपटला. आत माणसे होती, गंभीर इजा कोणाला झाली नाही. तपासात निघाले ते असे: यंत्रणा पुन्हा सुरू केल्यावर तिने सुमारे अडीच मिनिटांपूर्वीचा, केव्हाच पुसला जायला हवा होता असा डावीकडे वळण्याचा हुकूम पाळला. कॅमेरे, लायडार, नकाशे सगळे ठीक होते. हुकूम शिळा होता. थकलेला ड्रायव्हरही चुकतो, पण अशी चूक करत नाही. यंत्राच्या चुका माणसाच्या चुकांहून कमी असतील, तरी त्या वेगळ्या असतात, आणि एकच प्रणाली शेकडो ट्रकमध्ये असल्यामुळे एक चूक एकाच वेळी शेकडो ठिकाणी हजर असते. या घटनेत मला जास्त खटकणारी गोष्ट दुसरी आहे. अपघात एप्रिलमधला, पण तपशील लोकांपुढे आला ऑगस्टमध्ये, तोही वर्तमानपत्रातून. अमेरिकेत २०२१ पासून अशा वाहनांचे अपघात सरकारला कळवणे बंधनकारक आहे. पण ती वाहने एकूण किती मैल, कोणत्या हवामानात चालली, हे त्याच तपशिलाने जाहीर करणे बंधनकारक नाही. अपघातांची संख्या आहे आणि मैलांची नाही, तर प्रमाण काढायचे कसे? हा आकडा उघड करायला कंपन्यांना एक पैसाही जास्त लागत नाही.

रस्त्यावरच्या कामातही स्टिअरिंग हा एक भागच आहे. ट्रक बिघडून कडेला थांबला तर ड्रायव्हरने दहा मिनिटांच्या आत खाली उतरून तीन परावर्तक त्रिकोण ठेवायचे, असा अमेरिकेतला नियम आहे: एकेरी वाहतुकीच्या महामार्गावर एक दहा फुटांवर, दुसरा शंभर फुटांवर, तिसरा दोनशे फुटांवर, मागून येणाऱ्या वाहनांच्या दिशेने. रिकाम्या केबिनमधून त्रिकोण ठेवायला उतरणार कोण? ऑरोरा आणि वेमो यांनी त्याऐवजी केबिनवर लुकलुकणारे दिवे लावू देण्याची परवानगी मागितली. सरकारी यंत्रणेने डिसेंबर २०२४ मध्ये ती नाकारली, ऑरोरा न्यायालयात गेली, आणि २०२५ मध्ये तात्पुरती सूट मिळाली. अंधारात दोनशे फूट आधी दिसणारा त्रिकोण आणि थेट ट्रकवरचा दिवा यांत मागून येणाऱ्या मोटारीसाठी फरक पडतो की नाही, हे प्रयोगाने ठरवता येते. ते ठरवावे, निकाल छापावा आणि मग नियम कायमचा बदलावा. टायरवर हात ठेवून तो तापला आहे का बघणे, दोरखंड सैल झाला आहे का ओढून पाहणे, समोरच्याच्या अपघातात पहिली मदत करणे, अशी ड्रायव्हरची कितीतरी कामे आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाला पर्याय द्यावा लागेल. एवढे खरे, की या धंद्यात सावधपणाही दिसला आहे. मे २०२५ मध्येच ट्रक बनवणाऱ्या पॅकार कंपनीने विनंती केल्यावर ऑरोराने पुन्हा ड्रायव्हरच्या सीटवर एक निरीक्षक बसवला. तो गाडी चालवत नव्हता, पण होता. मोठ्या घोषणेनंतर दोन-तीन आठवड्यांत असे पाऊल मागे घेणे कंपनीला सोपे गेले नसेल, आणि ते घेतले हे चांगलेच झाले.

इथे एक सरळ आक्षेप येतो: तुम्ही पुरावा मोजत बसाल आणि तोवर दरवर्षी पाच हजार माणसे मरत राहतील, त्यांचे काय? आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्यात एक गृहीत धरलेले आहे, की यंत्र आजच माणसापेक्षा बरे आहे. तेच तर दाखवायचे आहे. आणि वाट पाहणे म्हणजे ट्रक उभे करून ठेवणे नव्हे. कोरडे हवामान, सरळ महामार्ग, मग रात्र, मग पाऊस, मग बर्फ, असे टप्पे पाडता येतात, आणि प्रत्येक टप्प्याचे आकडे उघड करून पुढच्या टप्प्याची परवानगी देता येते. कॅलिफोर्नियाने जड विनाचालक वाहनांना बंदीच घातली आणि टेक्ससने २०१७ मध्ये जवळजवळ मोकळे रान दिले. या दोन्हींच्या मधली ही वाट आहे. ती निवडली तर जे जीव वाचायचे आहेत ते वाचतील, शिवाय एखाद्या मोठ्या अपघाताने सगळ्या तंत्रावरचा विश्वास उडून ते दहा वर्षे मागे पडण्याची भीतीही कमी होईल.

आता माणसांकडे येऊ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ स्टीव्ह व्हिसेली यांनी स्वतः काही काळ ट्रक चालवून या धंद्याचा अभ्यास केला. २०१८ च्या त्यांच्या अहवालात त्यांनी लांब पल्ल्याच्या सुमारे २,९४,००० नोकऱ्या धोक्यात असल्याचे मांडले. ‘सगळे ड्रायव्हर बेकार होणार’ म्हणून ओरडणाऱ्यांच्या आकड्यांपेक्षा हा आकडा लहान आहे. पण त्यांचा मुख्य मुद्दा आकड्याचा नव्हताच. यंत्र जो महामार्गाचा तुकडा घेते, त्यातच चांगल्या कमाईच्या जागा आहेत. माणसाकडे उरतो तो तळ ते गोदाम हा भाग: छोट्या फेऱ्या, शहरातली कोंडी आणि रांगेतली वाट. बंदरांजवळ अशा कामात ड्रायव्हरला अनेकदा ‘स्वतंत्र ठेकेदार’ दाखवून डिझेल, हप्ता, दुरुस्ती सगळे त्याच्याच अंगावर टाकले जाते. ‘जुन्या नोकऱ्या जातील, नव्या येतील’ हे उत्तर म्हणूनच अपुरे आहे. नव्या येतीलही, संख्येने कदाचित तेवढ्याच येतील. पण फुकट थांबण्याचा जो भाग आज ड्रायव्हरच्या दिवसात आहे, तो उद्या त्याचा सगळा दिवस व्हायचा. हे बदल हळूहळू होतील, वयस्कर ड्रायव्हर तोवर निवृत्त होतील, असेही सांगतात. गती मंद असेल हे मलाही मान्य आहे. मात्र मंद गती म्हणजे तयारीला मिळालेला वेळ, आणि तो वापरला तरच त्याचा उपयोग.

तो कसा वापरावा याचे उदाहरण मालवाहतुकीच्याच इतिहासात आहे. एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅकलीन या ट्रक व्यावसायिकाने ५८ कंटेनर लादलेले जहाज न्यूआर्कहून ह्यूस्टनला पाठवले आणि बंदरावर पाठीवरून माल उतरवण्याचे युग संपायला लागले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने, हॅरी ब्रिजेस यांच्या नेतृत्वाखाली, १९६० मध्ये मालकांशी करार केला: यंत्रे आणा, आम्ही अडवणार नाही, पण वाचलेल्या पैशातून दरवर्षी ५० लाख डॉलर आमच्या निधीत भरा. त्या निधीतून लवकर निवृत्ती आणि ठरावीक कमाईची हमी मिळाली. करारात उणिवा होत्या. पूर्ण नोंदणी नसलेले कामगार त्याबाहेर राहिले. तरी यंत्राच्या नफ्यात कामगाराचा वाटा आहे हे तत्त्व लेखी झाले. अडचण अशी की, लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांकडे आज तशी संघटनाच नाही. १९८० च्या कायद्याने मालवाहतूक खुली झाली आणि त्यानंतर या क्षेत्रातली युनियन जवळजवळ विरून गेली. करार करायला समोर कोणी नाही, म्हणून हे काम कायद्यालाच करावे लागेल. असंघटित, विखुरलेल्या आणि अनेक मालकांकडे राबणाऱ्या कामगारांसाठी कायदा हे करू शकतो, याची साक्ष महाराष्ट्रच देतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन केली. व्यापारी मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही मंडळात भरतो आणि त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, रजा, ग्रॅच्युइटी उभी राहते. त्या मंडळांचे गैरव्यवहार आणि भांडणे आपण पाहिली आहेत. तरीही जो कामगार कोणा एका मालकाचा नाही, त्यालाही निवृत्तीचे पैसे मिळू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. विनाचालक ट्रकवर दर मैलामागे अशीच लेव्ही बसवणे काही अवघड नाही. ट्रकचा प्रत्येक मैल संगणकात आपोआप नोंदलेलाच असतो.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने बंद केला गेला आहे. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले की, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून विनाचालक वाहने आपण भारतात येऊ देणार नाही. त्यामागची कळकळ मला पटते. पण बंदीने नोकरी वाचते, नोकरीची अवस्था सुधारत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात आठ तासांची मर्यादा लिहिलेली होती; ती पाळली जात होती का, हे कुठल्याही ढाब्यावर उतरलेल्या ड्रायव्हरला विचारावे. ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, तेही ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना. ज्या कामाचे रक्षण करायचे ते काम माणसाने करण्याजोगे ठेवायला हवे. नाहीतर उद्या इथेही ‘ड्रायव्हर मिळत नाहीत’ हेच कारण पुढे करून यंत्र आणले जाईल.

म्हणून विनाचालक ट्रकला माझा विरोध नाही. विस्ताराला परवानगी द्यावी, पण दोन अटींवर. चाललेले मैल, हवामान आणि माणसाला हस्तक्षेप करावा लागलेले प्रसंग दर तीन महिन्यांनी जाहीर व्हावेत. आणि वाचलेल्या तासांच्या कमाईतला ठरावीक हिस्सा, त्या मार्गावर ज्यांची रोजी गेली आणि तळ ते गोदाम या कामात जे उरले, त्या ड्रायव्हरांच्या नावे जमा व्हावा. टेक्ससने २०२५ मध्ये नवा कायदा केला. त्यानुसार विनाचालक वाहनांना राज्याची परवानगी घ्यावी लागते आणि पोलिसांना व अग्निशमन दलाला अपघाताच्या वेळी काय करायचे याची माहिती द्यावी लागते. ड्रायव्हरांसाठी अशी तरतूद त्यात नाही.